वीस अंश

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या भिंतीला चिकटून
आमची तपासणीची खोली. आठ बाय दहा.
खिडकीत एसी, सतरा वर्षांचा,
जाळीचे दोन दात पडलेला.
तो माणसांसाठी नाही.
बेळगावात माणसाला एसी कशाला,
असं मालकांचे वडील म्हणायचे.
तो मापांसाठी.
लोखंड वीस अंशांवर मोजायचं असतं, सगळीकडं,
नाहीतर प्रत्येक गावाचा मिलीमीटर वेगळा.

महिनाभर त्याच्या कपाळावर वीसच होतं.
मी वाचलं, रजिस्टरात उतरवलं, सही केली.
भिंतीवरचा थर्मामीटर
पतसंस्थेच्या कॅलेंडरमागं गेलेला.
तिथं तो सत्तावीस म्हणत होता.

मग पुण्याहून चौतीस नग परत आले.
ॲल्युमिनियमच्या बॉडी, बेअरिंग बसेना.
आठ मायक्रॉन. केसाचा नववा हिस्सा.
लोखंडाचं लोखंडाशी जमतं, दोघं मिळून फुगतात,
एकमेकांची चूक झाकतात भावकीसारखी.
ॲल्युमिनियम जरा तापलं की जास्तच पसरतं.
आमच्याकडं सीमा म्हटलं की लोक दुसरंच समजतात,
मोर्चा, पाट्या, कोर्टाची तारीख.
माझी सीमा पंधरा मायक्रॉनची.
चौतीस वेळा ओलांडून दिली होती मी.

मलिकजाननं एसी उतरवून फरशीवर उघडला.
"अक्का, ह्याच्या पोटात अर्धी फाउंड्री हाय बघा."
काळी वाळू, पारव्याची पिसं,
तांब्याच्या नळीला तीन जोड.
"ह्यो माझा. ह्यो बी माझाच.
आणि ह्यो अब्बांचा."
साबणाचं पाणी लावलं.
दोन जोडांवर फुगे आले. तिसरा कोरडा.
तो काही बोलला नाही,
फडकं मात्र उगीचच दोनदा पिळलं.

"कॉइल, कॉम्प्रेसर, गॅस मिळून अकरा हजार,
सहा महिन्यांची हमी. नवा अडतीस.
तुम्ही म्हणशीला तसं."
मालक दारातूनच, "तूच सांग गं, पास का फेल?"

माझा जुना मायक्रोमीटर तीन मायक्रॉन जास्त दाखवतो.
पेटीवर तसं लिहिलंय, वजा करायचं, झालं.
रोज तेवढंच चुकणाऱ्याशी निभतं.
ह्याचं कालचं सत्तावीस, आजचं पंचवीस,
कपाळावर मात्र वीस.

म्हटलं, उद्या सांगते.
नग तेवढे ग्रॅनाइटवर मांडून ठेवले रात्री,
एकमेकांना न चिकटता.

पहाटे साडेपाच. एप्रिल. फाउंड्री अजून झोपलेली.
खानापूर रोडला दुधाची एकच गाडी.
खिडकीतल्या चौकोनी भोकावरचा पुठ्ठा काढला
आणि वारा आत आला, स्वेटर घालावा असा.
कॅलेंडर उतरवलं.
पारा वीसवर. केसभर वर असेल.
म्हणजे ह्या वेळेला बेळगावच वीस अंशाचं असतं,
फुकट, कुणाची सही नसताना.

एकेक नग मोजला.
आठ. सात. आठ. नऊ. आठ.
पुणं बरोबर होतं.
मधे बोटं गार पडली, ती काखेत धरून बसले,
नगाला हाताची ऊब लागू नये म्हणून.

साडेआठला मालकांना म्हटलं, नवा घ्या.
तो येईतोवर ॲल्युमिनियम मी पहाटे मोजते,
ओव्हरटाइम धरून.
"मग रोज पहाटेच मोज की, एसी कशाला?"
म्हटलं, मे येतोय.
त्यांनी अडतीस हजार मनात दोनदा मोजले,
माझ्याकडं बघितलं, आणि फोन लावला.

दुपारी मलिकजान टेम्पो घेऊन आला.
भंगारात टाकायच्या आधी हॅक्सॉनं
नळीचा चार बोटं तुकडा कापला, खिशात घातला.
कुठला ते मी विचारलं नाही.

रजिस्टरात एक रकाना असतो, चुकीचं कारण.
तिथं मी आधी लिहिलं होतं, एसी नादुरुस्त.
ते खोडलं. शेजारी बारीक अक्षरात
थर्मामीटरवर कॅलेंडर टांगलेलं होतं, एवढं लिहिलं,
आणि कुणी टांगलं ते.
सही तीच, रोजची.