खाडाखोड

बी.एस्सी. भाग एक, बॅच क, गुरुवार, सकाळी अकरा.
चोवीस ॲप्रन, घडीच्या रेघा अजून न मोडलेले.
कुणी गारगोटीहून पहिल्या एस.टी.नं,
कुणी कागलहून, डब्यातली भाकरी अजून कोमट,
कुणी उद्यमनगरातून चालत.
मी तासिका तत्त्वावर.
घड्याळ माझा पगार मोजतं,
म्हणून मोजमापाबद्दल मी जरा हळवी आहे.

पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला होता:
जर्नलमध्ये खोडरबर नाही, व्हाइटनर नाही.
चुकलं तर आडवी एक रेघ,
खालचा आकडा वाचता आला पाहिजे.
त्यांनी माना डोलावल्या.
बारावीपर्यंत तेवढं पक्कं झालेलं असतं,
मान कधी आणि किती हलवायची.

पितळी दंडगोल. व्हर्निअर कॅलिपर. व्यास काढा.
वीस मिनिटांत बारा पॉइंट बेचाळीस,
या बाकावर बारा पॉइंट बेचाळीस, त्या बाकावरही,
एन.सी.सी.च्या रांगेसारखं.
मागच्या वर्षीचं जर्नल चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतं,
स्पायरलसकट साठ रुपये.

एकटी अस्मा मुजावर अजून मोजत होती.
पाचव्यांदा.
"मॅडम, माझं जुळंना झालंय."
किती येतंय?
चोरी कबूल करावी तशी म्हणाली, "बारा छप्पन्न."
शेजारच्या तिघांनी तिच्याकडे
पाहुण्याच्या रडक्या पोराकडे बघावं तसं बघितलं.
कॅलिपर नंबर अकरा, चौघांत एक.
तिघांचं बरोबर, एकीचं चूक.

मी तो घेतला, जबडे मिटले,
खिडकीच्या उजेडात धरला.
शून्यासमोर शून्य नव्हतं.
चौदा शतांश पुढे सरकून बसलं होतं,
किती वर्षं, कुणास ठाऊक.

छप्पन्नातून चौदा.
तिनंच वजा केलं, ओठ हलवत.
बेचाळीस आले तेव्हा हसली नाही, रागावली:
"म्हणजे ह्यांनी मोजलंच नाही?"

पंखा तेवढा कुरकुरत राहिला.
मग मागून ऋतुराज लोहार, बुटांकडे बघत:
"आमचे पप्पा लेथवर जॉब धरायच्या आधी
गेजचं शून्य बघत्यात. मला दिसलं हुतं ते."
मग बोलला का नाहीस?
"कॉलेजात असलं बोलत्यात व्हय?"

या प्रश्नाला माझ्या अभ्यासक्रमात तास नाही.
खडू ठेवला. म्हटलं, ये पुढं,
सांग सगळ्यांना, पप्पा शून्य कसं बघतात.
आला. आधी इंग्रजी शब्द शोधत अडला.
वर्कशॉपात बोलतोस तसं बोल, म्हटलं.
मग बोटं बोलायला लागली:
जबडे आधी पुसायचे, ऑइल असतंय,
दाबून न्हाई मिटायचं, नुसतं टेकवायचं,
आवाज आला की थांबायचं.
कसला आवाज, एकानं विचारलं,
आणि चोवीस जणांनी कान लावून
एका जुनाट कॅलिपरची टिचकी ऐकली.

बेल झाली. राधानगरीच्या गाडीचे दोघे पळाले.
बाकीचे आपापली शून्यं तपासत राहिले,
सहा नंबरचंही गेलेलं निघालं,
मगदूमची कन्या तर डब्याच्या झाकणाचा व्यास काढून बसली.
त्या पाऊण तासाचं बिल होत नाही.

लॅब असिस्टंट म्हणाले, अकरा नंबर दुरुस्तीला पाठवू.
नको. खोक्यावर चिठ्ठी चिकटवली:
भाग एकसाठी राखीव. हात लावू नये.

अस्मानं विचारलं, कुठला आकडा लिहू?
दोन्ही.

एक मात्र मी त्यांना सांगितलं नाही.
सोळा वर्षांपूर्वी, याच बाकावर,
बहुधा याच अकरा नंबरवर,
मीही लिहिलं होतं बारा पॉइंट बेचाळीस.
दहापैकी दहा.

पुढच्या गुरुवारी सांगेन.
आडवी एक रेघ मारून,
खालचा आकडा वाचता येईल अशी.