चार वाजून दहा

मृत्यूची वेळ म्हणजे
डॉक्टर पोचल्याची वेळ.
हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

एर्विन कार्कामो, वय चौसष्ट,
सामन माशांच्या जाळ्यांखाली उतरणारा पाणबुड्या.
चार वाजून दहा, असं मी लिहिलं.
हात लावला तेव्हा त्याची बोटं
खिडकीच्या काचेइतकी गार होती.

त्या रात्री केयोनचं बंदर बंद होतं.
वाऱ्यामुळे बोट नाही, हेलिकॉप्टर नाही,
पुएर्तो माँतहून फोनवर एक झोपाळू आवाज,
"सकाळी बघू, डॉक्टर."
सकाळ हे आमच्याकडचं सर्वात जास्त दिलं जाणारं औषध.
त्याचा साठा संपल्याचं कधी ऐकलं नाही.

तीन ते चार मी कुठे होते?
खाली, तातडीच्या विभागात,
एका पोराच्या नाकातून वाटाणा काढत होते.
पोर लाथा मारत होतं, आजोबा हसत होते,
नंतर संगणक म्हणाला, आपला पासवर्ड कालबाह्य झाला आहे.
नवा टाकला. लहान आहे, म्हणाला.
आणखी एक टाकला.

सात वर्षांत हृदयाचे चारही कप्पे पाठ झाले,
खुर्ची ओढून बसायचं मात्र शिकवलं
रात्रपाळीच्या नोल्फाने.
उभ्याने दहा मिनिटं बोललात
तर माणूस म्हणतो, आल्या आणि गेल्या.
दोन मिनिटं टेकलात
तर घरी जाऊन सांगतो, बाई किती वेळ बसल्या होत्या!
कार्कामोच्या खाटेशी खुर्ची होती.
तिच्यावर मी फाईल ठेवली होती.

सकाळी पहिल्या बोटीने त्याची बायको आली.
ओल्या लोकरीचा वास,
हातात त्याचे कोरडे मोजे, घडी घातलेले.
तिने औषधांचं विचारलं नाही, यंत्रांचं नाही.
"शेवटी जवळ कोण होतं?"
मी म्हटलं, "मी होते."
असली वाक्यं पांढऱ्या कोटाच्या खिशातच असतात,
पेनाशेजारी,
न बघता हाताला लागतात.

मग मोरीपाशी रोसाल्बा भेटली,
फडकं पिळत, पाठमोरी.
"मी होते, डॉक्टर. फरशी पुसत होते.
त्याने विचारलं, भरती की ओहोटी?
खिडकीतून काळोखाशिवाय काही दिसेना.
म्हटलं, ओहोटी.
म्हणाला, मग बरं.
मग रबरी मोजा काढला
आणि त्याच्या छातीवर हात टेकला.
थांबेपर्यंत.
सुपरवायझरला सांगू नका हं,
कामाच्या वेळेत बसले होते."

डॉक्टरांनी हात टेकले, असं लोक म्हणतात.
खरं आहे. मी टेकले होते,
कळफलकावर.

रुग्णवाहिकेच्या चालकापाशी
पाण्याच्या वेळांचा तक्ता असतो, भिंतीला चिकटवलेला.
मी जाऊन पाहिला. का, ते ठाऊक नाही.
तीन चाळीसला पाणी चढत होतं.

म्हणजे दोघींनी खोटं सांगितलं,
तिचं त्याला कामी आलं.
माझं कुणाच्या कामी आलं
ते अजून ठरत नाही.

अर्जावर चौदा रकाने आहेत.
कारण, उपकारण, सही, शिक्का.
रोसाल्बासाठी जागा शोधली,
नाही सापडली.
चार दहा तसंच राहू दिलं.

सहा नंबरला ताप चढलाय, नोल्फा सांगत आली.
मी पेनासाठी कोटाच्या खिशात हात घातला.
वाटाणा निघाला.