जुळणारं नाव

बारशाला पाच दिवस उरले
आणि पाळण्यातली अजून नुसती 'बाळी'.
नाव शोधायचं काम आत्याचं, म्हणजे माझं.
लिलावाच्या वहीचं मागचं पान उघडलं,
बांगड्याच्या हिशेबाखाली रेघ मारून लिहिलं: निवती.
ही थोरली. हिला जुळायला हवं.

निवतीचं नाव भगीरथने समुद्रातून आणलेलं.
ती जन्मली त्या रात्री होडीचं इंजिन बंद पडलं होतं
आणि निवतीच्या खडकावरचा दिवाच काय तो
पहाटेपर्यंत डोळा मिचकावत राहिला.
"गावाचां नाव कोण ठेवता?" आई म्हणाली होती.
आईचं स्वतःचं नाव मथुरा.
तिच्या जावा द्वारका आणि काशी.
तिघींनी मिळून शिरोड्यापलीकडे काही पाहिलं नाही.

तर, जुळणारं.
कानाला जुळणारी आधी लिहिली.
रेवती आमच्याच वाडीत तीन.
शेवंती पाटलांच्या होडीवर रंगवलेली, दोनदा बुडालेली.
मग मुळाला जुळणारी.
पेन्सिलीने किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गेले:
खवणे, भोगवे, ह्या काय मुली नव्हेत.
वायरी?
"शाळेत पोरां वायर म्हणतली," निवती म्हणाली.
कर्ली? काटे फार.
मिठमुंबरी म्हणून पाहिलं, जीभ गोड झाली,
पण एवढं लांब नाव घेऊन पोरगी धावणार कशी?
मग नद्यांकडे वळले. तिलारी. काजळी.
जगबुडी आली तशी पेन्सिल खाली ठेवली.

वैनी भिंतीला पाठ लावून बाळीला पाजत होती.
मी नावं वाचत होते, ती हूं म्हणत होती.
हे हूं माझ्या ओळखीचं.
नऊ वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळावर
अंगठीने नाव लिहायची वेळ आली,
तेव्हा भगीरथला जुळेलसं मीच शोधून आणलं होतं: भाग्यश्री.
भ ला भ. काय हौस!
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
नलू म्हणून आलेली मुलगी
तेव्हाही हूं म्हणाली होती.
माहेरचा फोन आला की अजून दारामागे जाते,
"हां, नलूच," म्हणते, हळू,
दुसऱ्या कुणाचं नाव वापरल्यासारखं.

वहीतून मान वर न करता मी म्हटलं,
"तू सांग गो एक."
बराच वेळ नुसता दूध ओढल्याचा आवाज.
मग म्हणाली, "हेदवी."
"म्हणजे काय?"
"माझं गाव."

नऊ वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं
की तिकडे समुद्र कसा आहे.
तिकडे खडकाला एक घळ आहे म्हणाली,
भरतीचं पाणी चिंचोळ्या चिरेत घुसतं आणि माडाएवढं उडतं.
लहानपणी ती काठावर उभी राहून
ओरडायची आत, पाणी येण्याआधी,
स्वतःचंच नाव.

निवती. हेदवी.
तोंडात घोळवून पाहिलं.
मधे किती बंदरं, किती खाड्या,
तरी एकाच पाण्याने भिजलेली दोन्ही.

नगरपरिषदेतल्या कारकुनाने चष्मा वर सारला.
"हे देवी? की नुसतं देवी?"
मी अक्षर अक्षर सांगितलं,
तरी दाखल्यावर 'हेडवी' छापून आलंय.
दुरुस्तीचा अर्ज फ्रिजवर लोहचुंबकाखाली आहे.
आई देवीच म्हणते. म्हणू दे.
बारशाला कुर्रर्र करून कानात मी बरोबर सांगितलंय.

संध्याकाळी वैनी पुळणीच्या कडेला उभी राहून हाक मारते.
वारा पुढची अक्षरं खाऊन टाकतो,
उरते ती शेवटची लांब ई.
निवती शिंपले टाकून पळत येते,
कडेवरची बाळीही मान वळवते.

काल चहा ओतताना मी सहज, म्हणजे फार सहज नाही,
"नलू," म्हणून पाहिलं.
बशी तिच्या हातात जराशी वाजली.
हूं नाही म्हणाली.
म्हणाली, "काय गं?"