चौदा उभा

मंगफच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारची दुपार.
बाहेर धूळ, इतकी
की समोरची मशीद फक्त आवाजापुरती उरलेली.
खिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल कोंबून
मी मंडळाच्या अंकातलं पान अडतीस उघडलं.
तळगावकरांचं गूढ शब्दकोडं.
विषय : पारितोषिक मिळालेले चित्रपट.

तळगावकर म्हणजे शुऐबाच्या गोदामात
पाइपांच्या तोंडांवर खडूनं नंबर घालणारे.
त्यांना पहिल्या नावानं हाक मारलेली
मी तरी कधी ऐकली नाही.

रस्त्यांना हुकूम : घेऊन या. (३)
वाटाणा!
एकटीच हसले. शाळेनं रांगेत नेलं होतं आम्हाला
आणि मध्यंतरात खरेच वाटाणे, कागदाच्या पुडीत.
शूर्पणखेच्या शिक्षेचा किडा. (४)
नाकतोडा. त्याला सुवर्ण की रौप्य, आठवेना,
पण तिकीट स्वस्त होतं हे पक्कं.
सरकारनं करमाफी दिली की वडील
आम्हा तिघींना घेऊन निघायचे.
चांगला सिनेमा म्हणजे करमुक्त सिनेमा,
आमच्या घरी समीक्षा इथे संपायची.

चौदा उभा.
करमुक्त मुलखात दिवसाला किती? (४)

चहा गार झाला. दुसरा केला.
तिसऱ्या घरात नाकतोड्याचा क
पाय दुमडून बसलेला.
मग शेवटी कर. असणारच कर.
दिवसाला. दिन.
दिनकर.

पण या नावाचा चित्रपट?
बहिणींना विचारलं, एक नाशकात, एक मेलबर्नला.
धाकटी म्हणाली, सूर्यावरचा माहितीपट असेल गं एखादा,
त्यांनाच तर देतात बक्षिसं.

फोन लावला. तळगावकर, चौदा उभा चुकलाय तुमचा.
पलीकडे कुकरची शिट्टी.
"नाकतोडा पाहिलाय? शेवटचा शॉट?"
पाहिलाय. खाचरांवरून कॅमेरा जातो, जातच राहतो,
बांधामागून बांध,
आणि ती बाई वळून बघत नाही.
"ती ट्रॉली मी ढकललीय.
चिखलात रूळ, सत्तर फूट, अनवाणी.
धक्का लागू दिला नाही.
नावांची पाटी फार लांबत होती म्हणाले.
चार अक्षरं हो."
मग, "भात झाला. ठेवतो."

बक्षीस समारंभ सालमियाच्या हॉलमध्ये.
देवस्थळी परीक्षक, चष्मा कपाळावर.
चौदा उभा कोरा सोडणारे सगळे बरोबर,
काहीबाही भरणारे बाद,
कारण उत्तरांच्या यादीत खुद्द तळगावकरांनीच
तिथे नुसती रेघ मारली होती.
माझं बाकी सारं अचूक. मी बाद.
खजुराचा डबा आणि नॉनस्टिक तवा
अबू हलिफाच्या गोखल्यांना गेला.
तिसऱ्या रांगेत तळगावकर
टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून,
हाताचे पंजे केवढे मोठे त्यांचे,
हे तेव्हा दिसलं.

खाली पार्किंगमध्ये सगळ्या गाड्यांचा रंग एकच.
माझी अठरा वर्षांची, गिअरवाली,
किल्ली फिरवली तरी ढिम्म.
ते काचेपाशी आले. बोटानं धूळ पुसून
आत वाकून बघितलं. वाटलं, रागावले असतील,
भरायला नको होतं ते घर.

"आधी काय सुचलं? दिन की कर?"

क, म्हटलं. नाकतोड्याचा.

हं, म्हणाले. मान डोलावली दोनदा,
एखादा खिळा नीट बसल्यासारखी.
मग चपला काढून बाजूला ठेवल्या,
मागे गेले,
आणि गाडी हलली आहे हे मला
समोरची भिंत सरकू लागली तेव्हा कळलं.