तीन मीटर बाय अडीच

नकाशावर तिला नाव नव्हतं.
तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या पाठीशी,
तिरक्या रेघोट्या आणि त्यांत एक शब्द: इतर.
डॉन ऑक्तावियो श्वेन्के चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
चार तारांसाठी एवढी जागा कशाला, एर्मेलिंदा?
भिंतीत कोनाडा काढून देतो.

कोनाड्यात संत आन्तोनियो बसतो, म्हटलं.
त्याला घाम येत नाही.

तीन मीटर बाय अडीच. प्रत्येक मजल्यावर,
एकीच्या डोक्यावर एक, मणक्यांसारख्या.
वर संडास नको. शेजारी सिंक नको.
वाल्दिव्हियातला माणूस छत्री घेऊनच जन्मतो,
तरी पाण्याचा पाईप कुठून नेऊ नये
हे त्याला दर इमारतीत नव्याने सांगावं लागतं.
खोटं छतही नको. काँक्रीट उघडं राहू दे,
ओल आली तर आधी माझ्या डोळ्यांना कळावी,
यंत्रांना नंतर.

आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं.

त्यावर ते अडले. कॉरिडॉरमधून स्ट्रेचर जातात,
दार आतच उघडू दे.
मी नियमाचं पान दाखवलं.
कारण नाही सांगितलं.

वडील साठ सालच्या भूकंपाबद्दल एकच गोष्ट सांगायचे.
ना नदीची, ना समुद्राची.
त्यांच्या मावशीचं काचेच्या भांड्यांचं कपाट
चालत आलं होतं. चार पायांवर, खोलीभर,
दाराशी येऊन थांबलं,
आणि दार आत उघडणारं होतं.
पुढचं ते सांगत नसत. चुलीत लाकूड सारत.

म्हणून निबाल्दोला मी बोल्ट दोनदा आवळायला लावले.
प्रत्येक कपाटाला तळाशी चार,
वर लोखंडी पट्टी, थेट भिंतीत.
पोरगं कुरकुरलं, कपाट काय पळून जाणार आहे?
हो, म्हटलं.

तांब्याची पट्टी जमिनीशी जोडली.
तारा मजला ओलांडतात तिथली भोकं
लाल लेपाने हाताने लिंपली;
आग उंदराची जात, बोट जाईल तिथून घुसते.
मग किल्ल्या दिल्या, सही घेतली,
आणि ओसोर्नोला दुसऱ्या कामावर गेले.

दोन वर्षांनी तपासणीला आले तर
दाराला पाचर.
आत बादली, पोछा, पाण्याची किटली,
आणि तारांच्या जाळीवर वाळत घातलेला
पिवळा रेनकोट, टप टप.
कपाटांच्या मागे, उबेला पाठ लावून,
एक बाई जागच्या जागी ताडकन उभी राहिली.
सुनिल्दा. रात्रपाळी. सफाई.

मी ओरडणार होते. वाक्यही तयार होतं.
ती म्हणाली, ही एकच खोली आहे
जिथे कुणी मला काही आणायला सांगत नाही.

नकाशात मी दिवे मोजले होते, प्लग मोजले होते,
थंड हवा किती लागेल तेही.
पोछा कुठे राहील
हे कुणीच काढलं नव्हतं. मीही नाही.

रेनकोट खाली काढत होतो दोघी मिळून
तेव्हा जमीन सरकली.
मोठा नव्हता. इथे अशांना नाव देत नाहीत.
जाळी करकरली. किटलीचं झाकण वाजलं.
सुनिल्दाने माझा दंड धरला,
मी कपाटाकडे पाहत राहिले.

हिरवे ठिपके लुकलुकत होते.
त्यांच्यातून त्या क्षणी कोण कुणाला विचारत होतं,
ठीक आहेस ना, मुलं उठली का,
मला ऐकू येत नव्हतं, येऊही नये.
कपाटं जागची हलली नाहीत.

फक्त पोछा पडला.

तो उचलून बाहेर ठेवला.
पाचर खिशात टाकली.
अहवालात पाण्याचं लिहिलं, किटलीचं लिहिलं,
आणि शेवटी, रकाना नसताना:
कॉरिडॉरच्या टोकाला एक खोली हवी,
लहान चालेल, उबदार हवी,
आत एक खुर्ची.

उत्तर अजून आलेलं नाही.