खळ

अजमानला, शेड नंबर एकोणीसमध्ये
मी पिष्ट जोखते.
पीठ नाही. पिठात अजून तांदूळ असतो.
पिष्टात त्याचा पांढरेपणा तेवढा उरतो,
दोन बोटांत चोळला
तर आहे की नाही कळत नाही.

काचेखाली त्याचे कण कोनाकोनांचे,
अंग चोरून बसलेले.
शेजारी बटाट्याचे ठेवले
की मोहरीजवळ आठळ्या मांडल्यासारखं दिसतं.
मारिसेल हसते, म्हणते, बघ,
आपल्या खोलीतल्या बायका आणि सुपरवायझर.

या महिन्यात महलबिया.
दुधाचा पुडिंग, वर गुलाबपाणी, पिस्त्याचा चुरा,
प्लास्टिकच्या वाटीत, फ्रीजमध्ये चार दिवस.
पहिल्या दिवशी नुसत्या तांदळाचा गोळा गुळगुळीत, शहाणा.
तिसऱ्या दिवशी कडेला पाणी सोडतो,
मध्ये घट्ट होत जातो,
कुणाशी न बोलणाऱ्या माणसासारखा.
म्हणून टॅपिओका मिसळायचा,
आपल्या साबुदाण्याचाच कंद.
सत्तर-तीस. पासष्ट-पस्तीस.
पस्तीसच्या पुढे गेलं की चमच्याला तार सुटते
आणि अबू नासर चमचा वर धरून
काही न बोलता माझ्याकडे बघतात.

बॅच चव्वेचाळीस तशी सुटली.
पंचवीस किलोची गोणी, टाकून द्यायची.

मी दोन किलो पिशवीत घेतले.
का, ते तेव्हा माहीत नव्हतं.

खाडीकडच्या गल्लीत हमदुले चाचांची लाँड्री.
दाभोळहून आले तेव्हा इथे
म्हणे वाळू दारापर्यंत यायची.
दोरीवर कंदुरे, एकाखाली एक,
गुत्र्यांच्या घड्या अशा उभ्या
की डोक्याची गरजच नाही वाटत.
त्यांनी पिशवीत बोट घातलं, जिभेला लावलं,
डेगचीत पाणी ठेवलं.
ढवळता ढवळता पांढरं पाणी
अचानक दाट झालं, चमकलं.
"शिजला," म्हणाले. थर्मामीटर माझ्या खिशात होता,
मी काढला नाही.

"निव्वळ तांदूळ करकरीत राहतो बाय,
पण घडीवर तडकतो. पांढरी रेघ येते.
शेख लोकांना ती रेघ दिसते.
यात काहीतरी वाकणारं घातलंय तुम्ही?"

टॅपिओका, मी म्हटलं.

"हां. मग कामाचं."

लॅबमध्ये अजून एक काम चालतं, त्याचं कुणी विचारत नाही.
त्याच खळीत ग्लिसरीनचे थेंब घालून
काचेवर पातळ पसरायची,
रात्रभर वाळवायची, सकाळी सोलायची.
खजुराभोवती गुंडाळायचा कागद, जो खाता येईल,
नाहीतर पाण्यात विरेल.
एसीत ठेवला तर पापडासारखा मोडतो.
ऑगस्टमध्ये दाराबाहेर नेला
तर तीन मिनिटांत बोटाला चिकटतो,
सुटतच नाही.
आत एक हवा, बाहेर दुसरी,
दोन्हींत टिकेल असं मिश्रण
अजून जमलेलं नाही.
वहीत सदतीस नोंदी आहेत.
अडतिसाव्यात मी ग्लिसरीन लिहिलं
आणि आकडा रिकामा ठेवला.

शुक्रवारी चाचांनी माझा पांढरा कोट परत दिला.
पैसे घेतले नाहीत. कोट हुकाला न लावता
टेबलावर उभा राहिला क्षणभर,
मग एका बाजूला कलला.

शनिवारी तो घालून बसले.
हात टेकवला की बाही कागदासारखी वाजायची.
अबू नासर जाता जाता थांबले,
इस्त्रीची धार बोटाने पाहिली,
"मुमताज," म्हणाले, आणि गेले.

त्याच बाहीच्या हाताने मी लिहिलं:
बॅच चव्वेचाळीस, नापास.
कारण: तार सुटते.

पेन खाली ठेवताना
कोपरावर कापड वाकलं.
रेघ आली नाही.