फोटो हललाय

सान्ता रुफिनाच्या चाळीस काचा माझ्याकडे आल्या
सफरचंदाच्या खोक्यातून,
मधे मधे वर्तमानपत्रं
आणि त्यांच्या घड्यांत पांढरी धूळ.
जिभेला लावून पाहिली. लावू नये, नियम आहे.
खारट. सोराच.

अटाकामाच्या या टोकाला पाऊस कुणी मोजत नाही.
इथे काही कुजत नाही,
त्यामुळे काही संपतही नाही:
बूट, खेचराची कवटी, न धाडलेली पत्रं,
थडग्यांवर पत्र्याची कापून केलेली फुलं.
माणसं तेवढी गेली, दारं-खिडक्या उचकटून,
लाकूड महाग म्हणून.

काचांवर कंपनीचं सगळं नीट आलंय.
धुराडं, उकळीच्या टाक्या,
मॅनेजरच्या बायकोची छत्री, तिच्या झालरीचा टाका न् टाका.
कामगार मात्र जिथे तिथे पुसट.
जुना कॅमेरा सावकाश बघायचा
आणि त्यांना थांबायला सवड नव्हती.

म्हणून गेलो इकीकेला, दोन्या एदुविना चोके यांच्याकडे.
वय चौऱ्याऐंशी, एक डोळा अधू,
स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर पावाच्या टोपलीशेजारी.

"हे टेनिसचं मैदान ना?
आई पहाटे पाणी मारायची यावर, धूळ बसावी म्हणून.
मैदानाला पिंपभर, आम्हाला डबा मोजून.
पगाराचे बिल्ले मिळायचे, मधे भोक पाडलेले.
कंपनीच्या दुकानाबाहेर ते कुत्र्यानंही हुंगले नसते.
आम्ही पोरं दोऱ्यात ओवून फिरवायचो. छान गुणगुणायचे."

चौथ्या कॅसेटवर संप मार्चमध्ये झाला.
नवव्या कॅसेटवर थंडीत,
कारण काकूच्या अंगावर दोन शाली होत्या.
दोन्ही ठेवलेत.

सत्ताविसावी काच: दुकानापुढे बँडवाले.
डाव्या कडेला एक मूल,
गुडघ्यापर्यंत स्वच्छ, अनवाणी,
त्यावर नुसता धूर.
माझ्या नोंदवहीत होतं: अनोळखी बालक, फोटो हललाय.

भिंग त्यांनी घेतलंच नाही.
पायांवर अंगठा ठेवला.
"सेलेदोनिओ.
पायाला भिंगरी होती मेल्याच्या.
फोटोवाला ओरडत होता, हलू नका, हलू नका,
आणि याला तेव्हाच मागे कुणी हाक मारली.
मीच मारली असेल."

पुढे टेपवर चाळीस सेकंद किटली आहे.
पाणी आधी कुजबुजतं, मग खदखदतं,
मग कुणीतरी उठून गॅस बंद करतं.
टाक्यांबद्दल मी विचारलं नाही.
त्यांनी सांगितलं नाही.
पुसलेल्या टेबलावरून त्या फडकं फिरवत राहिल्या.

नाव लिहू का, म्हटलं.
"नको. नाव त्यांच्याही वहीत होतं,
उधारीच्या पानावर, बापाच्या खाली.
तू लिही, हा हलला."

तसंच लिहिलं.
दोन वर्षांनी सान्तियागोहून तपासनीस आले,
भले गृहस्थ, हातमोजे घातलेले,
त्यांनी सत्ताविसाव्या काचेपुढे तांबड्या पेन्सिलीनं
'सदोष' असा शेरा मारला.
ते जेवायला गेले तेव्हा मी खोडरबर घेतला.
कागद जरा विरला तिथे.

परवा समुद्राकडून धुकं आलं,
खिडकीच्या काचेवर बसलं, दहा वाजता गेलं.
काच उजेडात धरून बघत होतो.
इतकी माणसं श्वास रोखून उभी,
सगळी आपापल्या जागी,
आणि कडेला एक पोर
अजून मागे वळतंय.